नायलॉनचं तेल

मोटारीच्या इंजिनातलं तेल हा काही बायकांनी रुसण्याचा विषय नव्हे. दागिन्यावरून रुसावं, माहेरी पाठवलं नाही म्हणून रुसावं, फार तर जावेला आपल्यापेक्षा भारी पातळ मिळालं म्हणून रुसावं. मी तेलावरून रुसले. नातवंडांना ही गोष्ट सांगायला लागले की ती हसतात, मीही हसते. पण हसून झाल्यावर पोटात जे राहतं ते काही अजून पचलेलं नाही.

गाडी माझी होती. माझी म्हणजे खरोखरच माझी. वडील साताऱ्याला वकिली करायचे. त्यांना दिसायला कमी झालं तेव्हा त्यांनी आपली जुनी काळी गाडी मुलाला दिली नाही, जावयाला दिली नाही, माझ्या नावावर करून टाकली. त्याआधी किल्ल्याखालच्या रस्त्यावर त्यांनीच मला ती चालवायला शिकवली होती. लोक म्हणाले, मुलीला गाडी देऊन काय करायचं? वडील म्हणाले, "चालवायची. दुसरं काय करतात गाडीचं?" पुढं ते फार दिवस राहिले नाहीत. गाडी मात्र माझ्यामागोमाग सांगलीला आली.

सांगलीला आमचं घर गावात आणि ऊस नदीकाठी. घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि आम्ही दोघं. आत्याबाई माणूस प्रेमळ, पण स्वयंपाकात मीठ किती इथपासून उसाला पाणी कधी इथपर्यंत सगळं त्यांनी किंवा ह्यांनी ठरवायचं. मला कुणी वाईट वागवलं नाही. नुसतं विचारलं नाही. फक्त गाडीचा प्रश्न निघाला की हे म्हणायचे, "गाडी तुझी, तू ठरव." मग हॉर्न बदलायचा का, सीटला खोळ कसली घालायची, हे मी ठरवायची. त्या घरात माझ्या शब्दाला वजन होतं ते एवढ्या एका जागी. म्हणून त्या जागेवर मी फार ऐटीत उभी राहायची. एका पायावर उभी राहिलेली कोंबडी जशी राहते तशी.

त्या दिवाळीत भाऊबीजेला आम्ही कोयनानगरला गेलो. दादा तिथं विजेच्या प्रकल्पावर इंजिनियर, कॉलनीत राहायचा. मी ओवाळलं, आणि दादानं तबकात काही टाकण्याऐवजी तबकाशेजारी एक मोठा डबा ठेवला. चकचकीत, निळा, वर परदेशी अक्षरं.

"हे काय रे?"

"तेल."

"मला वाटलं अत्तर. आणि एवढं?"

"अगं, इंजिनाचं. माझा एक वर्गमित्र जहाजावर असतो, त्यानं आणलं. इथं मिळत नाही. सिंथेटिक."

मग दादानं समजावून सांगितलं. आपलं साधं तेल जमिनीतून काढून, गाळून केलेलं. हे कारखान्यात जोडून जोडून बनवलेलं. घाटात इंजिन तापलं तरी पातळ होत नाही, थंडीत गोठत नाही, आणि साध्या तेलापेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकतं. बदलायची घाई नको.

त्यातलं माझ्या डोक्यात काय शिरलं म्हणाल, तर एकच. सिंथेटिक! त्या काळात आम्ही बायका नायलॉनवर भाळलेल्या होतो. सुती पातळ धुवा, खळ घाला, इस्त्री करा. नायलॉन पिळून वाळत टाकलं की झालं. पुरुषांचे टेरिलीनचे सदरे तसेच. म्हणजे जे कृत्रिम ते चांगलं, हे मला पाठ होतं. तेव्हा कृत्रिम तेल हे इंजिनासाठी नायलॉनच्या साडीसारखंच असणार. एवढ्या अभ्यासावर मी माझं मत बनवलं.

सांगलीला आल्यावर आत्याबाईंनी डबा हलवून बघितला. "नायलॉनचं तेल म्हनायचं का ह्याला? भजी तळली तर चालत्याल का?"

हे मात्र गंभीर होते. त्यांनी मला गॅरेजात नेलं. मिस्त्रींनी डबा उलटसुलट केला आणि मान हलवली.

"वैनी, तेल झ्याक असंल. पर इंजिन म्हातारं हाय. आत वर्साची घाण बसलीया. हे तेल ती घाण धुऊन काढंल, आन् जिथं घाणीनंच भोक बुजलंय तिथनं गळाय लागंल. साधं तेल घाला, येळच्या येळी बदला."

हेही म्हणाले, "माझं मत तेच आहे. जुन्या गाडीला साधंच बरं. नव्या गाडीला हे ठीक."

बोलणं बरोबर होतं. आज मी हे कबूल करते, तेव्हा कोण करतंय! मला त्यात तेल दिसेचना. एका बाजूला माझा दादा, माझं माहेर, माझी ओवाळणी. दुसऱ्या बाजूला सांगलीचं गॅरेज. मी पदर खोचून म्हणाले, "माझ्या भावानं आणलंय, माझ्या गाडीत तेच जाणार."

ह्यांनी मिस्त्रींकडे बघितलं. मग हसून म्हणाले, "बरं. तू म्हणतेस तर तेच." मिस्त्रीही म्हणाले, "घालू की. मालकीन म्हंत्यात तर घालू." दुसऱ्या दिवशी हे डबा घेऊन गाडीसकट गॅरेजात गेले आणि संध्याकाळी गाडी घेऊन आले. मी विचारलं, "घातलं?" हे म्हणाले, "झालं काम."

रिकामा डबा मला फडताळात ठेवायचा होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. तो काही आला नाही. हे म्हणाले, मिस्त्रीनं ठेवून घेतला. मला वाईट वाटलं, पण म्हटलं, असू दे, गरिबाच्या घरी तेवढीच शोभा.

मग काय विचारता! गाडी चालू केली की मी डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "फरक कळतो नाही?" हे म्हणायचे, "हो, कळतो ना." आत्याबाई म्हणायच्या, "लय गोड आवाज येतुया." गल्लीतल्या बायकांना मी गाडीत बसवून नदीपर्यंत फिरवून आणायची आणि सांगायची, "बघा, धक्का बसतो का? विलायती तेल आहे." एकीनं विचारलं होतं की तेल इंजिनात आणि धक्का चाकाला, त्याचा काय संबंध? मी तिच्याकडे असं बघितलं की ती बिचारी पुन्हा गाडीत बसली नाही.

साताऱ्याला जा, कराडला लग्नाला जा, मावशीला वडूजला सोड. काम असो नसो, मी निघायची. इंजिनातली दांडी बाहेर काढून तेल किती उरलंय ते बघायची वडिलांनी लावलेली सवयही मी सोडून दिली. दादानं काही दांडी बघू नकोस असं सांगितलं नव्हतं हो. पण नायलॉनची साडी कुणी रोज उलगडून बघतं का?

त्याच हंगामात आमचा ऊस लवकर तुटला. ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांना सांगते. ऊस नुसता पिकून भागत नाही. कारखान्याची तोडणीची टोळी आपल्या शेतात यावी लागते, आणि ती कधी यायची हे कारखान्याच्या शेतकी साहेबाच्या हातात. पाळी लांबली की उसाला तुरा येतो, आतून पोकळ होतो, वजन जातं. आदल्या वर्षी आमचा असाच उभा वाळला होता. त्या साली मात्र मार्गशीर्षातच टोळी बैलगाड्या घेऊन हजर. आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली. मी म्हणाले, गाडीचा पायगुण! हे खोकले.

होळीच्या सुमारास आम्ही दोघं दादाकडे निघालो. गाडी मी चालवत होते. कराड सोडलं तशी पुढच्या फळीवरचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला. तो तेलाचा दिवा, एवढं मला माहीत होतं. हे म्हणाले, "पाटणला जरा थांबू या का? चहा घेऊ."

"आत्ता कराडला घेतला की."

"नाही, म्हणजे इंजिन गार होईल. मी जरा तेलबिल बघतो. एखादा डबा मिळाला तर…"

"कसलं तेल बघता? साधं तेल ह्यात मिसळायचं नाही. आणि हा दिवा देशी आहे, त्याला विलायती तेल ओळखू येत नसेल."

हे वाक्य मी खरोखर बोलले. एका पदवीधर बाईनं, भर दिवसा, शुद्धीत. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. पाटणच्या हॉटेलासमोरून जाताना त्यांनी पुन्हा एकदा "अगं" म्हटलं. मी म्हटलं, "काय?" म्हणाले, "काही नाही." तो चेहरा मला नंतर कळला. तेव्हा वाटलं, माणसाला चहाची फारच तलफ दिसते.

पाटणच्या पुढं वळणावळणाचा चढ लागला. आधी टकटक झाली. मग खलबत्त्यात लोखंड घालून कुटावं तसा आवाज. मग एक मोठा आचका, आणि गाडी जागच्या जागी मेली. पुढं जाणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरपाशी निरोप दिला, तेव्हा कुठं दादा जीप घेऊन आला. त्यानं झाकण उघडलं, दांडी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. टोकाला डांबरासारखा एक काळा थेंब. बाकी दांडी कोरडी.

मी दादावर तुटून पडले. रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. "हे तुझं तेल! वडिलांची गाडी, त्यांनी इतकी वर्षं जपली, तुझ्या एका डब्यानं खाल्ली! बहिणीला ओवाळणी म्हणून विष दिलंस!" आणखीही बोलले. वहिनीच्या माहेरापर्यंत पोचले. दादा दांडी हातात धरून उभा होता. हे दगडावर बसून चपलेतला खडा काढत होते. दोघांनी एकदा एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, मेहुणा मेहुण्याची कीव करतोय.

दादा एवढंच म्हणाले, "चूक झाली माझी. गाडी ओढून नेऊ."

दादाला मी एरवी अरेतुरे करते, पण त्या क्षणी तो मला परका, कुणी सरकारी माणूस वाटला. म्हणून आत्ताही लिहिताना "म्हणाले" आलं. असू दे तसंच.

गाडी कराडला गॅरेजात पडली. इंजिन पूर्ण खोलावं लागणार होतं. मी घरी येऊन दिसेल त्याला सांगत सुटले, की बायांनो, कृत्रिम ते कृत्रिमच. आपलं साधं ते साधं. नायलॉनच्या दोन साड्यासुद्धा देऊन टाकल्या. तत्त्व म्हणजे तत्त्व.

चैत्र आला. शेतकी साहेबांच्या घरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं होतं. आत्याबाईंचे गुडघे दुखत होते, मी एकटी गेले. पडवीत पाय टाकला आणि कोपऱ्यात मोगरा दिसला. मोगरा एका चकचकीत निळ्या डब्यात लावलेला होता. वर परदेशी अक्षरं.

मी बघत राहिले. मनाची समजूत काढायला माणूस किती तत्पर असतो! मी म्हटलं, असतील असे पुष्कळ डबे. जगात काय एकच डबा आहे?

आत बायका बसल्या होत्या. हातात वाटली डाळ आणि पन्हं आलं. कुणीतरी गाडीचं विचारलं आणि माझी टकळी सुरू झाली. "काय सांगू, भावानं दिलेल्या त्या विलायती तेलानं इंजिन खाल्लं. मी तर म्हणते, फुकट दिलं तरी कुणी घालू नये."

साहेबांच्या पत्नी पन्ह्याचं तांब्याभांडं घेऊन उभ्या होत्या. भोळी बाई. म्हणाल्या, "अगंबाई, असं कसं? आमच्या गाडीत तेच आहे की! तुमच्या ह्यांनीच नाही का दिवाळीनंतर आणून दिलं? माझ्या बायकोच्या भावानं आणलंय म्हणाले. हे तर रोज तुमचं नाव काढतात. गाडी कशी लोण्यासारखी चालते!"

 मग एका बाईनं डाळीत मीठ छान पडलंय असं म्हटलं, आणि सगळ्या बायका डाळीबद्दल बोलू लागल्या. सगळ्यांना सगळं कळलं होतं. आमचा ऊस लवकर का तुटला तेही कळलं होतं. माझी ओटी भरली गेली, भिजवलेले हरभरे पदरात पडले, मी कुंकू लावून घेतलं. पडवीतून बाहेर पडताना मोगऱ्याकडे बघितलं नाही. वास मात्र आला.

घरी आत्याबाई आणि हे दोघंही होते. मी पदरातले हरभरे तसेच धरून उभी राहिले.

"माझं तेल शेतकी साहेबाला दिलंत?"

ह्यांनी आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाई उत्तर देऊन मोकळ्या झाल्या. "दिलं. ऊस काय तुराय द्यायचा हुता? आन् तुजं ते नायलॉनचं तेल काय डोस्क्याला लावायचं हुतं व्हय? गाडीला तर न्हाईच सोसत म्हनत हुता मिस्त्री."

"मग मला सांगायचं होतं. मी दिलं असतं."

"तू दिलं असतंस?" हे म्हणाले. "भाऊ, माहेर, ओवाळणी. तू ऐकून तरी घेतलं असतंस का?"

कदाचित नसतं ऐकलं. पण न विचारता हे ह्यांना कसं कळलं?

"आणि गाडीत काय घातलंत?"

"साधं. मी ते वेळेवर गुपचूप बदलणारच होतो. तोडणीच्या गडबडीत राहून गेलं. पाटणला मी तुला थांब म्हणत होतो."

"मी दादाला रस्त्यावर काय काय बोलले! तुम्ही तिथंच बसला होता. चपलेतला खडा काढत."

ह्यांनी मान खाली घातली आणि मग ते वाक्य बोलले. "दादांना विचारूनच दिलं होतं."

माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी कोयनानगर गाठलं. कराडपर्यंत उभ्यानं आणि पुढं एका बोकडाशेजारी बसून. वाटेत सारखं वाटत होतं, हे खोटं बोलले. खोटं बोलले तर बरं. मग ह्यांच्यावर एकट्यावर चिडता येईल, आणि दादाची माफी मागता येईल. मी माफीची वाक्यंसुद्धा जुळवली होती.

दादा नुकताच कामावरून आला होता. हातपाय धूत होता. मला एकटीला बघून म्हणाला, "कळलं वाटतं."

दादाचं एवढं बोलणंच पुरे होतं. तरी मी विचारलं, "तुला विचारलं होतं त्यांनी?"

"हो. ट्रंककॉल केला होता ऑफिसात. म्हणाले, ऊस अडकलाय, साहेबाला फॉरेनच्या वस्तूंचं वेड आहे. मी म्हटलं, घरचा प्रश्न आहे, द्या."

"ती माझी ओवाळणी होती, दादा. तू मला दिली होतीस. ती तू कशी काय परत देऊन टाकलीस?"

"अगं, तुझ्याच घरी उपयोगी पडली ना?"

"आणि घाटात मी तुला एवढं बोलले तेव्हा?"

दादानं टॉवेलनं एकेक बोट पुसलं. "तेव्हा खरं सांगितलं असतं तर तू त्यांच्यावर तुटून पडली असतीस. नवराबायकोत वितुष्ट नको. माझ्यावर चिडलीस तर काय, भावाला चालतं. आम्ही दोघांनी तेच ठरवलं नंतर. तू शांत होशील तोवर असंच राहू द्यायचं."

आम्ही दोघांनी. मी कुणावर चिडायचं हेसुद्धा दोघांनी बसून ठरवलं होतं. माझ्यासाठी त्यानं बोलणी खाल्ली, हे खरं. मला त्याची दया यावी, हेही खरं. पण मला त्या क्षणी एवढंच दिसलं की सासरी माझी जी एक जागा होती ती खोटी होती, आणि माहेरी तर तेवढीही नव्हती. वहिनीनं चहा आणला. मी घेतला. जुळवून आणलेली माफीची वाक्यं तशीच परत घेऊन गेले. इतक्या वर्षांत ती कुणी मागितली नाहीत, मी दिली नाहीत.

चैत्र संपायच्या आत इंजिन दुरुस्त होऊन गाडी सांगलीला आली. अंगणात मिस्त्रींनी विचारलं, "कराडचं तेल काढलंया. आता कंचं घालू?" ह्यांच्याकडे बघून विचारलं, आणि हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "साधं." मिस्त्रींनी डबा उचलला. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः ओतला. अर्धा इंजिनात आणि बराचसा पातळावर. सुती पातळ होतं, डाग गेला नाही. दांडी स्वतः बघितली. किल्ली घेतली, आत बसले.

हे पलीकडून दाराला हात घालत होते, तेवढ्यात मी गाडी काढली. आत्याबाई दारातून ओरडल्या, "अगं, त्येला तरी घे!"

जावं तर सुसाट जावं, धूळ उडवत, माणसाला कळावं की बाई किती भडकलीय. पण नव्यानं बसवलेल्या इंजिनाला सुरुवातीला ताण द्यायचा नसतो. मिस्त्रींनी बजावलं होतं, हळू चालवा. तेव्हा मी भडकून, दात आवळून, बैलगाडीच्या चालीनं गल्लीतून निघाले, आणि हे माझ्या खिडकीशेजारून चालत चालत येत होते. धावावंसुद्धा लागत नव्हतं त्यांना.

"अगं, ऐक तरी."

मी समोर बघत होते.

"ऊस वाचला, हे तरी मानशील?"

"मानते."

"मग?"

गल्लीतल्या बाया दारात आल्या होत्या. एकीनं विचारलं, "वैनी, कुठं निघाला?" ह्यांनीच उत्तर दिलं, "इथंच, नदीपर्यंत." मी कुठं निघाले होते ते मला माहीत नव्हतं, आणि ते त्यांनी सांगून टाकलं होतं.

मी खिडकीची काच वर केली. चैत्रातली दुपार, आत पत्रा तापलेला, अंगाला तेलाचा वास. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. काचेपलीकडे ह्यांचे ओठ हलत होते, बहुतेक ते मला काहीतरी विचारत होते. कोपरा आला. नदीला उजवीकडे वळतात. मी डावीकडे वळले.